हाताची मागची बाजू

अप्पा, तुम्हाला देवनागरी वाचता येत नव्हतं. घरात आपण मराठी बोलत होतो, आपली ती तंजावुरी, पण कागदावर उतरायचं ते तमिळच. ही लिपी मी नोकरी संपल्यावर दोन वर्षं पुण्याला लेकीकडे राहिले तेव्हा नातीच्या पहिलीच्या पुस्तकातून शिकले, आणि तिथलं ऐकून-वाचून माझी लिहिण्याची भाषाही तिकडची झाली. तुम्ही असता तर हसला असता. मी मुद्दाम या अक्षरांत लिहिते आहे. म्हणजे हे पत्र कसंही करून तुमच्या हाती पडलं असतं, तरी तुम्ही ते उलटसुलट करून पाहिलं असतं आणि खाली ठेवलं असतं. जे सांगायचं आहे ते सांगायला मला बासष्टाव्या वर्षी एवढा आडोसा लागतो आहे.

चर्चच्या मनोऱ्याखालची ती खोली तशीच आहे. तीच दगडी फरशी, छतातलं तेच भोक, त्यातून खाली येणारा दोर, आणि वर कबुतरांचा तोच न संपणारा संसार. दोरावरचा लोकरीचा फुगीर पट्टा मात्र आता निळा-पांढरा आहे. तुमच्या वेळी लाल होता. तुम्ही त्याला मांजर म्हणायचात. मांजर धरायचं, दाबायचं नाही, दाबलं की ओरबाडतं. मी माझ्या शिकाऊ लोकांना हेच सांगते आणि ते हसतात. तुम्ही मिशनच्या शाळेत फिटर, घंटेच्या चाकाला तेल घालायला वर चढायचात, आणि चर्चचे म्हातारे कोविल पिळ्ळै, म्हणजे झाडलोट आणि घंटा पाहणारे गृहस्थ, गुडघ्यांनी थकले तेव्हा दोरही तुमच्याच हाती आला. आपल्या नातेवाइकांनी काय कमी चेष्टा केली? देवघरातली घंटी मुठीत मावते, ती सोडून यांना मैलभर ऐकू जाणारी हवी, असं आत्या प्रत्येक गौरी-गणपतीला म्हणायची. तुम्ही म्हणायचात, लोखंड आणि कांसं यांना जात नसते, वंगण असतं. मला त्या वाक्याचा फार अभिमान वाटायचा.

तुमची शिकवण्याची पद्धत मी दारातून पाहिली आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. मी अकरा वर्षांची. शनिवारी दुपारी अम्मा मला फ्लास्कमध्ये कॉफी देऊन पाठवायची. खोलीत तुम्ही आणि मामा. अम्माचा हा धाकटा भाऊ तिरुवैयारूहून आपल्याकडे राहायला आला होता, बावीस-तेवीस वर्षांचा, मृदंग शिकलेला. कचेऱ्यांतून, म्हणजे गाण्याच्या मैफलींतून, बोलावणी यायला लागेपर्यंत शाळेच्या वर्कशॉपमध्ये तुमच्या हाताखाली काम करील आणि रविवारी घंटा वाजवील, असं ठरलं होतं. घंटा वर एका माणूसभर उंचीच्या लाकडी चाकाला जोडलेली. झोके देत देत ती वर न्यायची, म्हणजे ती तोंड आकाशाकडे करून उलटी उभी राहते आणि एका लाकडी दांड्यावर टेकते. मग एक ओढ, की ती पूर्ण फेरा घेऊन पुन्हा उलटी उभी. दर फेऱ्याला दोर खाली येतो आणि सरसरत वर जातो. तुम्ही मामासमोर उभे, दोर एकच, हात चार. मांजर तुम्ही धरायचं, दोराचं शेपूट त्यानं. मग उलट. नवशिक्याला अर्धीच घंटा द्यायची, उरलेली अर्धी आपल्याकडे ठेवायची, ही तुमची रीत. तिच्यात आजही मला एक खोट काढता येत नाही.

मामा घाबरायचा. दोर वर पळायला लागला की त्याचे हात आपोआप उघडायचे. आणि मोकळा सुटलेला दोर त्या लहान खोलीत कुठे कुणाच्या गळ्यात पडेल सांगता येत नाही. तीन आठवडे तुम्ही त्याला एकच शब्द ऐकवलात. कोविल पिळ्ळैंनी तुम्हाला तमिळमध्ये शिकवलं होतं, म्हणून त्या खोलीतले हुकूम तमिळमध्येच असायचे: पिडि, म्हणजे धर, आणि विडु, म्हणजे सोड. पिडि, पिडि, पिडि. जेवतानासुद्धा तुम्ही त्याला चिडवायचात की हा भाताचा घाससुद्धा सोडून देईल. त्याला ते लागायचं. चौथ्या आठवड्यापर्यंत त्याचे हात धरायला शिकले होते.

त्या शनिवारी मी उंबरठ्यावर उभी आहे, फ्लास्कची पट्टी माझ्या मनगटात आहे. तुम्ही पहिल्यांदाच अख्खा दोर त्याच्याकडे दिला आहे आणि दोन पावलं मागे आहात. त्याने जोर जास्त लावला. वर कडाड असा आवाज झाला. टेकणारा दांडा मोडला होता. आता मला ठाऊक आहे की दांडा मोडला की घंटा थांबत नाही, पलीकडे जाते, आणि चाक सगळा दोर गुंडाळत वर ओढून नेतं. तेवढा एकच क्षण असा असतो जेव्हा दोर सोडायचा असतो. तुम्हाला तेव्हाही ठाऊक होतं. त्याने तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही ओरडलात, “पिडि!” आणि त्याने धरला. तो फरशीवरून उचलला गेला, दाराच्या चौकटीच्या वर गेला, मग त्याच्या हातातून दोर ओरबाडून निघाला आणि तो उजव्या हातावर पडला. त्याचा आवाज आला नाही. घंटेचाच येत होता, वेडावाकडा, कितीतरी वेळ.

सरकारी इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, दोर हाताला गुंडाळला होता यानं. आणि सगळ्यांना ते पटलं, कारण ती चूक आपल्याकडे कुणीही केली असती. विहिरीतून पाणी शेंदताना आपण दोराचा एक वेढा तळव्याला घेतोच, म्हणजे घागर निसटत नाही. तिरुवैयारूच्या घरात मामा लहानपणापासून तसंच पाणी काढत आला होता. घंटेच्या दोराला तो वेढा घेतला तर हात गेलाच. तुम्ही पहिल्या दिवसापासून त्याला तेवढंच बजावत होता. पण मी त्याचा हात पाहिला होता, अप्पा. त्या खोलीत, तुम्ही टॉवेल आणायला धावलात तेव्हा मी त्याच्याजवळ बसले होते. तळव्याची कातडी पार सोलून निघाली होती. हाताची मागची बाजू कोरी होती, एक ओरखडा नव्हता. गुंडाळलेला दोर मागची बाजू सोडत नाही.

परत येताना तुम्ही मला सायकलच्या कॅरिअरवर बसवलंत. कालव्याच्या पुलावर मी म्हणाले की मामाच्या हाताला मागे लागलेलं नाही. तुमचे पाय पेडलवर थांबले. सायकल थोडी आपोआप गेली, मग तुम्ही पाय टेकलात. माझ्याकडे वळला नाहीत. “तूं दारांत होतीस,” तुम्ही म्हणालात. “दारांतून तुजला काय दिसणार?” रागाने नाही म्हणालात. रागावला असता तर कदाचित मी घरी जाऊन अम्माला सांगितलं असतं. पुढच्या शनिवारी तुम्ही जुना दोर काढून नवा घातलात आणि जुन्यातला लाल मांजर असलेला तुकडा, दोन्ही टोकं सुबक बांधून, मला आणून दिलात. माडीच्या तुळईला तो टांगलात आणि म्हणालात, ये, तुजला शिकवतों. अख्ख्या आळीत कुणाच्या मुलीला असली भेट मिळाली नव्हती. मी ती घेतली. ती कशाबद्दल होती हे मला त्याच दिवशी कळलं होतं, आणि तरी घेतली.

मामा पंधरा दिवसांनी घरी आला. स्वयंपाकघरात आपण सगळे जेवायला बसलो होतो, अम्मा वाढत होती. त्याला डाव्या हाताने जेवता येत नव्हतं. म्हणजे येत होतं, पण तो लाजत होता. अम्माने त्याचा भात कालवून पुढे ठेवला आणि तिचे डोळे भरून आले. तेव्हा तो, तिला बरं वाटावं म्हणून की कशासाठी देव जाणे, तुमच्याकडे पाहून म्हणाला, “चूक माझीच कीं, भाऊजी. विहिरीच्या दोरासारखा मीच गुंडाळलों असेन.” तो बहिणीच्या घरी राहत होता, तुमचं मीठ खात होता. मी तुमच्याकडे पाहत होते. तुम्ही सांबार-भाताचा घास कालवला, आणि खाली पाहूनच म्हणालात, “सरि.” ठीक आहे. एवढंच. मग ताक मागितलंत. तो शब्द तमिळ माणूस दिवसातून शंभरदा उच्चारतो. मी त्यानंतर आयुष्यभर तो शक्य तेवढा टाळला. कचेरीत लोक म्हणायचे, बाई फार तुटक बोलतात.

त्याची बोटं मृदंगावर पुन्हा कधी उघडली नाहीत. तिरुवैयारूला परत जाऊन तो मुलांना डाव्या हाताने मांडीवर ताल धरून शिकवत राहिला, आणि चांगला शिकवायचा म्हणतात. कुणी हाताचं विचारलं तर हसून सांगायचा, तरुणपणचा मूर्खपणा, दोर गुंडाळला. दहा-बारा वर्षांत त्याचं ते खरंच झालं होतं. त्याला विचारलं असतं तर गुंडाळल्याचं आठवलंही असतं. तो वारला तेव्हा मी तिरुवैयारूला गेले होते. त्याचा उजवा हात छातीवर ठेवला होता, तळवा खाली, मागची बाजू वर. गुळगुळीत होती.

तुम्हाला काहीच वाटलं नाही असं मी म्हणत नाही. नवा दांडा तुम्ही स्वतः वेंगैच्या टणक लाकडाचा घडवलात, दोन दिवस नुसता पॉलिश पेपर मारत बसला होतात. आणि मला शिकवताना तुम्ही त्या खोलीत तोंड उघडलं नाहीत. पाच वर्षं! हातानेच सगळं. मनगटाला बोट लावलंत की सैल सोड, कोपराला लावलंत की उंच जाऊ दे. पिडि नाही, विडु नाही. लोक कौतुक करायचे, काय शांतपणे शिकवतो माणूस. मला ठाऊक होतं की तुम्हाला स्वतःच्या आवाजाची भीती बसली आहे. तुमच्यानंतर दोर माझ्याकडे आला. हिंदू बाई चर्चची घंटा वाजवते म्हणून जिने चेष्टा केली असती ती आत्या तोवर गेली होती. उरलेले म्हणायचे, खाण तशी माती. ते चांगल्या अर्थाने म्हणायचे.

मधली बरीच वर्षं घंटा मुकीच होती, मनोऱ्यावर लाउडस्पीकर आला होता आणि त्यातून रेकॉर्ड केलेली घंटा वाजायची, तीही किरकिरत. पुण्याहून परतले तेव्हा नव्या अय्यरांनी, म्हणजे चर्चच्या पाद्रींनी, बोलावून घेतलं. खरी घंटा परत सुरू करायची, चार माणसं तयार करून द्या म्हणाले. मी वाजवू शकत होते, पण शिकवणं मी कधी शिकले नव्हते. जे हाताला ठाऊक आहे ते तोंडाला ठाऊक नसतं. पहिला महिना मी तुमच्यासारखी मुकाट शिकवायला गेले आणि फजिती झाली. परक्या माणसाच्या कोपराला बोट लावून त्याला काही कळत नाही, आणि एका रिटायर बँकवाल्यांनी तर हात झटकला. लेकीने फोनवर सांगितलं, आई, बोलावं लागतं गं. मग मी बोलायला लागले. आणि त्या खोलीत बोलायचे शब्द माझ्याजवळ कुठले होते? उंबरठ्यावर उभं राहून ऐकलेले, तेवढेच.

शिकाऊंमध्ये एक मुलगी आहे. मुलगी कसली, तिशीची आहे, आईबरोबर राहते आणि घरी ब्लाउज शिवते. लग्नसराईत तिच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. मला टीचर म्हणते. दोर वर पळायला लागला की तिचे हात उघडायचे, अगदी मामासारखे. मी तिच्यासमोर उभी राहायची, दोर एक, हात चार, आणि म्हणायची, पिडि. चिडवतसुद्धा होते मी तिला. सुई धरतेस तशी धर, म्हटलं. ती ओशाळून हसायची. पाचव्या आठवड्यात तिचे हात सुटेनासे झाले आणि मला इतका आनंद झाला की मी खोलीतल्या सगळ्यांना म्हटलं, हिच्याकडे पाहा.

पुढच्याच वेळी मी तिला अख्खा दोर दिला आणि दोन पावलं मागे सरले. वर कडाड झालं. अप्पा, मी तो आवाज ओळखला. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. मागची मीच होते, आणि जगात त्या आवाजाचा अर्थ माझ्याइतका कुणाला ठाऊक होता? तिने माझ्याकडे पाहिलं. नेमकं तसंच पाहिलं. आणि माझ्या तोंडून तुमचा आवाज निघाला, पिडि. ती फार वर गेली नाही, बारीक अंगाची असून दोर लवकर सुटला. मनगट मोडलं आणि दोन बोटांच्या शिरा गेल्या. मी तिच्याजवळ बसले, हात उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती. मला पाहायची गरजही नव्हती. मग अय्यर धावत आले, टीचर काय झालं, म्हणाले, आणि मी एक श्वाससुद्धा न घेता म्हणाले, हिने दोर गुंडाळला होता. विचार करून खोटं बोलले असते तर निदान माझं खोटं म्हणता आलं असतं. ते घरातलंच होतं, तोंडात तयार. त्या संध्याकाळी मी शिकाऊंच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही घातलं की दोर कुणीही कधीही हाताला गुंडाळू नये. सगळ्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिनेही पाठवलं, डाव्या हाताने.

हे होऊन तीन महिने झाले. दांडा नवा घातला आहे. उरलेल्या तिघांना मी आता आधी सोडायला शिकवते. घंटेला हात लावायच्या आधी, तुमच्या त्या लाल मांजराच्या तुकड्यावर, विडु म्हटलं की हात उघडून दोन पावलं मागे, वीस वीस वेळा. चांगला धडा आहे, असं अय्यर म्हणाले. हा कुठून सुचला ते मी त्यांना सांगितलं नाही.

काल सकाळी मी तिच्याकडे गेले होते, सांगायचं ठरवून. टाउन बसमध्ये वाक्य पाठ करत होते, पिडि मीच म्हणाले, तू गुंडाळला नव्हतास, तमिळमध्ये चार शब्दांचं वाक्य आहे. शिलाईच्या मशीनवर चादर टाकली होती आणि तिच्यावर वाळलेले कपडे घड्या करून ठेवले होते. तिच्या आईने कॉफी आणली, पेला-वाटीतली, फेस आलेली. मी बोटांचं विचारलं. तिने हात पुढे करून दाखवला; अंगठ्यापर्यंत दोन बोटं पोचत नाहीत. काज-बटणं करता येत नाहीत, शेजारची एक बाई येऊन करून देते म्हणाली. तिची आई म्हणाली, हिचंच चुकलं, तुम्ही किती समजावलं होतं. मी पेला खाली ठेवला. आता सांगायचं. तेवढ्यात तीच म्हणाली, मला गुंडाळल्याचं आठवत नाही, टीचर, पण तुम्ही पाहिलंत म्हणजे गुंडाळलाच असणार. आमच्या घरी विहीर होती. आणि मग, खाली पाहून, “मला परत शिकवाल का? या वेळी नाही गुंडाळणार.”

हे पत्र मी कुठे टाकणार, अप्पा? तिला द्यावं तर तिला ही अक्षरं येत नाहीत, तुम्हालाही येत नव्हती. दोरीचा तुकडा ठेवते त्या ट्रंकेत जाईल. तुम्हाला एवढंच सांगायचं होतं की सायकलवर बसले होते त्या दिवसापासून मी तुमच्यावर रागावलेली आहे, पन्नास वर्षं, आणि कालपर्यंत मला तो राग शोभत होता. काल ती उत्तराची वाट पाहत होती. कॉफी निवत होती. मी तिच्याकडे न पाहता म्हणाले, “सरि.”